पुरुष नसलेल्या जगाच्या कथा आणि एक बिनसलेली बैठक

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका वाचनगटाचं आहे. गट मिश्र होता: नोकरदार, निवृत्त, दोन-तीन महाविद्यालयीन विद्यार्थी. बायका थोड्या जास्त, पण पुरुषही नेमाने येणारे. बैठक महिन्यातून एकदा. त्या वर्षी विज्ञानकथा वाचायच्या असं ठरलं होतं. काळप्रवास झाला, यंत्रमानव झाले, परग्रहवासीही झाले आणि सगळं गोडीगुलाबीने पार पडलं. मग संयोजिकेने 'पुरुष नसलेलं जग' हा विषय सुचवला. त्या वेळी एकानेही हरकत घेतली नाही. मी पाहुणा म्हणून दोन्ही बैठकांना मागे बसून होतो. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत, काही तपशील बदलले आहेत.

वाचनासाठी तीन कथा होत्या. पहिली रुकय्या सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम', १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आलेली. तिच्यात पुरुष आहेत, पण ते घरात कोंडलेले. रस्ते, शेती, विद्यापीठं सगळं बायकांच्या हातात. सूर्याची उष्णता साठवून ती शत्रूच्या सैन्यावर सोडणाऱ्याही त्याच. दुसरी शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'हरलँड', १९१५ मध्ये त्यांच्याच मासिकातून क्रमशः आलेली आणि पुस्तकरूपात यायला १९७९ साल उजाडलेली. इथे दोन हजार वर्षं पुरुष नाहीत आणि बायकांना आपोआप मुली होतात. तिसरी जोआना रस यांची 'व्हेन इट चेंज्ड', १९७२ ची. दूरच्या ग्रहावरच्या वसाहतीत फार पूर्वी साथ आली, पुरुष गेले, बायकांनी संसार उभा केला. आणि आता पृथ्वीवरून चार पुरुष उतरतात.

पुरुष नसलेल्या जगाच्या नावाजलेल्या कथांमध्ये पुरुष हटकून येतातच, ही गंमत बघण्यासारखी आहे. 'हरलँड'मध्ये तिघे, रस यांच्या कथेत चौघे. कुणीतरी बाहेरून आल्याशिवाय ते जग वाचकाला दाखवायचं कसं, ही लेखिकांची अडचण असावी.

पेच कुठे पडला

सगळ्यांना इंग्रजी सहज वाचता येत नव्हतं. म्हणून एका सभासदाने आपणहून तिन्ही कथांचे सारांश करून पाठवले. हेतू चांगला होता आणि त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. रस यांच्या कथेबद्दल साधारण असं होतं: साथीत सगळे पुरुष मरतात, बायका एकमेकींशी लग्नं करून सुखाने राहतात, मग पुरुष येतात आणि बायकांना ते नकोसे होतात. कथेत हे सगळं आहे. तरी ही ती कथा नाही.

बैठकीला सुरुवात झाली ती थट्टेने. "आज आम्ही पुरुषांनी बाहेर बसायचं की आत?" असं एकाने विचारलं, सगळे हसले. पुढचा अर्धा तास ठीक गेला. मग एका निवृत्त अभियंत्यांनी मुद्दा काढला की हे शास्त्रीयदृष्ट्या शक्यच नाही, तेव्हा याला विज्ञानकथा म्हणायचं कशाला? एका विद्यार्थ्याने विचारलं, "उलटं लिहिलं असतं तर चाललं असतं का? बायका नसलेलं सुखी जग?" त्यावर कुणीतरी म्हणालं, जुन्या अंतराळकथा काढून बघ, यानात बाई सापडते का ते. दोघांचंही म्हणणं तितकंच खरं होतं, आणि म्हणूनच त्या वादातून काही निघेना.

बिनसलं ते दोन बायकांच्या बोलण्यावरून. एक काकू, वयाने गटात सर्वांत मोठ्या, सहज म्हणाल्या, "मला तर ते सुलतानाचं स्वप्न वाचून बरं वाटलं बाई. भर दिवसा रस्त्यावरून चाललीय आणि मागे वळून बघावं लागत नाही." बायका हसल्या, जरा मोकळ्या आवाजात. तेवढ्यात दोन मुलांची आई असलेली एक सभासद उसळून म्हणाली, "माझी दोन्ही पोरं मारून टाकायची आणि मग सुखात राहायचं, असंच ना? यात हसण्यासारखं काय आहे?"

खोलीत दोन तट पडले, आणि ते बायका विरुद्ध पुरुष असे नव्हते. काही पुरुष काकूंच्या बाजूला होते, काही बायका त्या आईच्या. अभियंते दोन्हींवर वैतागले होते. सारांश करणारा सभासद अपराधी चेहऱ्याने गप्प होता. बैठक ठरल्या वेळेआधी आटोपली.

संयोजिकेने नंतर एकेकाला फोन करून एकच विचारलं: कथा वाचली होती की सारांश? ज्यांचा आवाज सर्वांत चढला होता ते बहुतेक सारांशवाले निघाले. त्या आईने 'हरलँड' निम्मी वाचली होती, रस यांची कथा अजिबात नाही. काकूंनी 'सुलतानाज ड्रीम' मुळातून वाचली होती, बाकी दोन्ही सोडल्या होत्या. दोघी भांडल्या त्या दोन वेगवेगळ्या कथांवरून, आणि त्यातल्या एका कथेत तर पुरुष नाहीसे होतच नाहीत.

हे या गटापुरतं नाही. २०२२ मध्ये सँड्रा न्यूमन यांच्या 'द मेन' या कादंबरीवर ती बाजारात येण्याआधीच टीकेची झोड उठली होती. वाय गुणसूत्र असलेले सगळे एका क्षणात नाहीसे होतात एवढी कल्पना लोकांच्या कानावर गेली आणि वाद पेटला. पुरुष नसण्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते, आणि त्या वाक्यावर मत द्यायला पुस्तक लागत नाही.

समोर असलेले पर्याय

विषय तिथेच सोडून पुढच्या महिन्यात दुसरं काही घ्यावं, असं दोघातिघांनी सुचवलं. संयोजिकेला ते पटलं नाही. तिच्या मते अर्धवट भांडण पोटात ठेवून गट पुढे गेला असता, तर ते पुढच्या कुठल्यातरी पुस्तकावर निघालं असतं.

दुसरा पर्याय तज्ज्ञ बोलावण्याचा: स्त्रीवादी साहित्याचा अभ्यास असलेलं कुणीतरी येऊन समजावून सांगेल. माझं मत विचारलं तेव्हा मी याला विरोध केला. वाचणारा दुखावला गेला असेल, तर त्याला संदर्भ पुरवून उपयोग नसतो. त्याला वाटतं आपण अडाणी ठरलो, आणि तो गप्प बसतो. ते गप्प बसणं मग पटल्याची खूण मानलं जातं.

तिसरा पर्याय त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातून निघाला: उलटी कथा घेऊन बघू. लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची 'ईथन ऑफ अ‍ॅथॉस' (१९८६) ही कादंबरी फक्त पुरुषांच्या ग्रहावरच्या एका डॉक्टरची आहे. तिथे मुलं कृत्रिम गर्भाशयात वाढतात. कल्पना चांगली होती, पण महिन्याभरात सगळ्यांनी अख्खी कादंबरी वाचणं अवघड होतं. वाचली नाही तर पुन्हा सारांशावर भागवावं लागलं असतं.

चौथा पर्याय मला सर्वांत मोहक वाटला होता: लेखकाचं नाव लपवायचं. यासाठी तयार उदाहरणच आहे. 'ह्यूस्टन, ह्यूस्टन, डू यू रीड?' ही जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने आलेली १९७६ ची लघुकादंबरी. तीन अंतराळवीर सौरवादळात सापडून तीनेकशे वर्षं पुढे फेकले जातात. तिथे पृथ्वीवर फक्त बायका उरलेल्या आहेत, आणि शेवटी त्या या तिघांना परत नेणार नाहीत हे स्पष्ट होतं. टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन ही बाई आहे, हे ती कथा छापून आल्यानंतर उघड झालं. त्याच्या आदल्याच वर्षी रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे, असा निर्वाळा दिला होता. पुरुषाने लिहिलेली म्हणून वाचली तर तीच कथा पुरुषांची निर्मम आत्मपरीक्षा वाटते. बाईने लिहिलेली म्हणून वाचली तर सूड. प्रयोग करण्याजोगा होता. संयोजिकेने तो नाकारला. "आधीच माणसं रागावलीत, त्यांना आता फसवू कशी?" हा तिचा सवाल बिनतोड होता.

प्रत्यक्ष काय केलं

दुसऱ्या बैठकीसाठी तिने एकच कथा ठेवली: रस यांची. छोटी आहे, एका बैठकीत मोठ्याने वाचून होते. दोघींनी आळीपाळीने, जागच्या जागी मराठी करत ती वाचली. आधी वाचलेल्यांनीही ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, हातात सारांश नाही.

वाचनाआधी अभियंत्यांना दहा मिनिटं दिली गेली, फक्त विज्ञानासाठी. हा मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. "हे शक्य नाही" हे वाक्य पहिल्या बैठकीत छत्रीसारखं वापरलं जात होतं: कथेतून काही अंगावर येऊ लागलं की उघडायची. पण आक्षेप स्वतःच्या जागी चांगला होता. अभियंते तयारी करून आले. काही सरड्यांच्या जातींत नुसत्या माद्याच असतात आणि त्यांचं चालतं, हे त्यांनीच सांगितलं. सस्तन प्राण्यांत अडचण वेगळी: काही जनुकं आईकडून आली की बंद असतात, काही बापाकडून आली की बंद असतात, त्यामुळे दोन अंड्यांची बेरीज पुरत नाही. तरी २००४ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो कोनो यांच्या चमूने जनुकांत फेरफार करून दोन मातांपासून एक उंदरीण जन्माला घातली, तिचं नाव कागुया, आणि पुढे तिला पिल्लंही झाली. वाय गुणसूत्र झिजतंय म्हणून पुरुष संपणार, या बातमीचाही त्यांनी समाचार घेतला. माणूस आणि ऱ्हीसस माकड यांच्या वायची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. वेगळे होऊन अडीच कोटी वर्षं लोटली तरी माणसाच्या वायमधून मूळचं एकच जनुक गेलेलं दिसलं. "तेव्हा घाबरू नका, आम्ही आहोत अजून," असं म्हणून ते बसले. हशा झाला, आणि मुख्य म्हणजे छत्री मिटली.

वाचन झाल्यावर "काय वाटलं?" हा प्रश्न संयोजिकेने टाळला. तिने विचारलं, "कुठे थांबलात? कुठल्या जागी पुढचं ऐकू आलं नाही?"

बरीच उत्तरं एकाच जागेभोवती आली. पृथ्वीवरून आलेला पुरुष सहजपणे विचारतो की तुमची माणसं कुठे आहेत. त्याच्यासमोर माणसं उभी आहेत. निवेदिकेला क्षणभराने कळतं की तो पुरुषांबद्दल विचारतोय. ती साथीबद्दल सांगते, तो हळहळतो, आणि ती हळहळ नेमकी कशासाठी हे तिला चटकन उमगत नाही.

अभियंते म्हणाले, "त्याने विचारलं तेव्हा मला काही खटकलंच नाही. मीही तेच विचारत होतो. ती चमकली तेव्हा मी चमकलो."

त्या मुलांच्या आईने वेगळी जागा सांगितली, आणि तिचं बोलणं मी जमेल तितकं शब्दशः टिपून ठेवलं. "माणसं मेली याचा मला राग नाही येत, साथी येतात. त्यांना कुणी आठवत नाही याचा येतो. एकीच्याही घरात फोटो नसेल? कुणाची तरी मुलं होतीच ना ती."

इथे चर्चेला पहिल्यांदा दिशा मिळाली. मग सगळे याच अंगाने तिन्ही कथा तपासू लागले. 'सुलतानाज ड्रीम'मध्ये पुरुष जिवंत आहेत, म्हणून शोकाचा प्रश्न येत नाही. तिथे बोचते ती अदलाबदल. रस्त्यावर बुजलेल्या सुलतानाला बायका हसून पुरुषी म्हणतात, कारण त्या देशात लाजरं असणं हा पुरुषांचा स्वभाव मानला जातो. 'हरलँड' पुरुष वाचकांना सर्वांत कमी लागली होती, आणि त्याचं कारण आता दिसलं: निवेदक पुरुष आहे, त्याच्या खांद्यावर बसून ते जग बघता येतं. रस यांच्या कथेत असा खांदा नाही. बोलणारी बाई आपल्या बायकोबद्दल, मुलीबद्दल, स्वतः लढलेल्या द्वंद्वांबद्दल बोलते. पुरुषांची उणीव तिच्या बोलण्यात कुठेच नाही. तिला पुरुषांचा द्वेषही नाही. द्वेष असता तर निदान दखल घेतल्यासारखं झालं असतं, असं तो विद्यार्थी म्हणाला. मला ते वाक्य त्या संध्याकाळचं सर्वांत नेमकं वाटलं.

साथीने पुरुष मारणाऱ्या कथा पुष्कळ आहेत, आणि ज्यांत मागे उरलेल्या बायका ऊर फुटेस्तोवर रडतात त्यांच्याबद्दल एवढी कटुता मला तरी आढळलेली नाही. वाचकाला आपण मेलेलं चालतं. आपल्यावाचून कुणाचं अडलं नाही हे चालत नाही. 'सुलतानाज ड्रीम'चे पहिले वाचक रुकय्या यांचे यजमान. ते दौऱ्यावरून परतले, तिथेच उभ्याउभ्या कथा वाचून काढली आणि म्हणाले, भयंकर सूड आहे हा. ही आठवण स्वतः रुकय्या यांनी नोंदवली आहे. सूड म्हटलं की आपण गोष्टीच्या मध्यभागी राहतो.

काकूंनी मात्र हे सगळं ऐकून आपलं मत बदललं नाही. "फोटो ठेवायला हवा होता, खरंय. पण मला रस्ता आवडला तो आवडलाच." त्यावर ती आई काही बोलली नाही, पण उठूनही गेली नाही.

निष्पन्न

गट टिकला. दोन सभासद दुसऱ्या बैठकीला आले नव्हते. त्यातला एक नंतर परतला, एक नाही. मुलांच्या आईने पुढे 'हरलँड' पूर्ण केली आणि ती जास्तच नावडली असं कळवलं. तिचं कारण ऐकण्याजोगं होतं: त्या देशात कुणी आई व्हावं आणि कुणी होऊ नये हे समाज ठरवतो, आणि सगळं इतकं गोड शब्दांत की वाचताना पटकन लक्षात येत नाही. गिलमन यांच्या लेखनातला हा सुप्रजननवादी धागा अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिला आहे. आमच्या दोन्ही बैठकांत तो कुणाला दिसला नाही, कारण सगळे पुरुषांच्या नसण्याकडे बघत होते.

एक प्रश्न सुटला नाही. एका विद्यार्थिनीने विचारलं, "साथ कुणाला पुरुष समजते?" म्हणजे गुणसूत्रावरून माणसं उचलली जाणार असतील, तर वाय असलेल्या ट्रान्स स्त्रिया जातात आणि ट्रान्स पुरुष मागे राहतात, मग उरलेलं ते जग 'बायकांचं' कसं? २०२२ च्या त्या वादातही हाच आक्षेप अग्रभागी होता. रस यांची कथा पन्नास वर्षांपूर्वीची आहे, तिने हा प्रश्न स्वतःला विचारलेला दिसत नाही, एवढं बोलून गट पुढे सरकला. वेळ संपत आली होती हे खरं. ज्येष्ठ मंडळींना तो प्रश्न अवघडवणारा होता, हेही तितकंच खरं.

वेगळं काय करता आलं असतं

सारांश पाठवायला नको होते, हे उघड आहे. पण ते पाठवले नसते तर काहीजण आलेच नसते. मोठ्याने वाचन पहिल्याच बैठकीत ठेवलं असतं तर दोन्ही साधलं असतं. त्यासाठी तीनऐवजी एक कथा घ्यावी लागते, आणि संयोजकांना अशा वेळी आवाका दाखवण्याचा मोह होतो.

काकूंच्या बोलण्यावर बायका हसल्या तो क्षण संयोजिकेला पकडता आला असता. ते हसू सुटकेचं होतं. समोरच्या आईला ते टिंगलीचं वाटलं. तिथेच "काकू, नेमकी कुठली जागा?" असं विचारलं असतं, तर काकूंनी रस्ता सांगितला असता, आणि रस्त्यावर कुणाचं पोर मेलेलं नव्हतं. संयोजिकेचं यावर म्हणणं असं की त्या क्षणी मध्ये पडलं असतं तर बायकांना हसण्याचीही परवानगी घ्यावी लागते असं दिसलं असतं. मला तिचं म्हणणं अर्धं पटतं.

विद्यार्थिनीचा प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत यायला नको होता. विज्ञानाच्या आक्षेपाला जशी स्वतंत्र वेळ दिली, तशी यालाही द्यायला हवी होती. खरं तर अभियंते वाय गुणसूत्राबद्दल बोलत होते तिथेच तो बसला असता.

टिपट्रीची कथा गटाने अजून वाचलेली नाही. पुढच्या सत्रासाठी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून 'ईथन ऑफ अ‍ॅथॉस' ठरली आहे, वाचायला तीन महिने दिले आहेत, आणि कुणीही कुणाला गोष्ट सांगायची नाही असा नियम केला आहे. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेला मजकूर वाचलेला चालेल का, यावर अजून एकमत झालेलं नाही.